सेपूर सार्कोचा निकाल: हुकूम देणाऱ्याचा हिशेब

(२६ फेब्रुवारीला विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज मी तुम्हाला एका खटल्याबद्दल सांगणार आहे. खटला ग्वाटेमालाचा आहे. मध्य अमेरिकेतला हा छोटा देश, त्याचं नावही आपल्यातल्या कित्येकांनी शाळेच्या नकाशातच पाहिलं असेल. २०१६ साली आजच्याच तारखेला तिथल्या एका न्यायालयाने लष्कराच्या एका माजी अधिकाऱ्याला १२० वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाया म्हाताऱ्या होत्या, आदिवासी होत्या आणि बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. लष्करी संघर्षाच्या काळातली लैंगिक गुलामी हा गुन्हा मानून, तो जिथे घडला त्याच देशाच्या न्यायालयाने शिक्षा देण्याची जगातली ही पहिली वेळ मानली जाते. म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावं लागलं नाही. त्यांच्याच देशातलं न्यायालय, त्यांच्याच देशातल्या न्यायाधीश.

जातिअंताच्या चळवळीतल्या माणसांनी हे का ऐकायचं, असं कोणी विचारेल. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, पीएचडीसाठी श्रम आणि राज्यसंस्थेच्या हिंसेवर वाचत असते. हा खटला वाचताना मला पहिल्यांदा आठवली ती माझी आजी. का, ते पुढे सांगते. आधी गोष्ट सांगते.

ग्वाटेमालाच्या पूर्वेकडे पोलोचिक नदीचं खोरं आहे. तिथे केक्ची भाषा बोलणारे माया आदिवासी राहतात. एकोणिसाव्या शतकात कॉफीचे मळे आले आणि त्यांच्याबरोबर जमीनदार आले. त्यात जर्मन मळेवाले बरेच होते. ज्या जमिनीवर केक्ची लोक पिढ्यान् पिढ्या मका पिकवत होते, तिची कागदपत्रं दुसऱ्यांच्या नावावर झाली आणि जमिनीचे धनी आपल्याच रानात मजूर झाले. १९३४ साली तिथे 'भटकेगिरीविरोधी' कायदा आला. ज्याच्याकडे पुरेशी जमीन नाही त्याने वर्षातले १०० किंवा १५० दिवस मळ्यावर राबलंच पाहिजे आणि किती दिवस राबला त्याची नोंद जवळ बाळगली पाहिजे. नोंद नसेल तर गुन्हेगार. ज्यांची जमीन हिसकावली त्यांनाच भूमिहीन असल्याबद्दल गुन्हेगार ठरवायचं! आपल्याकडच्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

१९४४ च्या क्रांतीनंतर ही सक्ती गेली. १९५२ साली अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांच्या सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि पडीक जमीन भूमिहीनांना वाटायला सुरुवात केली. त्यात युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीची जमीनही गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सीआयएने घडवून आणलेल्या बंडात ते सरकार उलथलं आणि वाटलेली जमीन परत मळेवाल्यांकडे गेली. १९६० ला गृहयुद्ध सुरू झालं, ते १९९६ पर्यंत चाललं. ३६ वर्षांत सुमारे २ लाख माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल १९९९ साली आला. ज्यांची ओळख पटली अशा बळींपैकी ८३ टक्के माया आदिवासी होते. नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के लष्कराने आणि त्याच्याशी जोडलेल्या टोळ्यांनी केले होते. बंडखोरांचा बीमोड या नावाखाली कोणाचा बीमोड झाला, ते हे दोन आकडे सांगतात.

पोलोचिक खोऱ्यात काय झालं? १९७८ च्या मे महिन्यात पान्सोस या गावी जमिनीचा हक्क मागायला केक्ची शेतकरी जमले. सैनिकांनी चौकातच गोळीबार केला, डझनावारी माणसं मेली. तरी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे लोक जमिनीच्या कागदांसाठी सरकारी कचेऱ्यांत खेपा घालत राहिले. सेपूर सार्को ही त्याच भागातली वस्ती. १९८२ साली सैन्य आलं. ज्या पुरुषांनी जमिनीसाठी अर्ज केले होते, त्यांना 'बंडखोर' ठरवून उचललं गेलं. त्यातले बहुतेक परत आले नाहीत.

अर्ज करणं हाच पुरावा! हातात बंदूक लागत नाही. सातबारा मागितला की माणूस संशयित होतो.

पुरुष गेले, मागे बाया उरल्या. सेपूर सार्कोला लष्कराचं ठाणं होतं, सैनिकांना विश्रांतीसाठी पाठवायची जागा. या बायांना हुकूम झाला की ठाण्यावर यायचं, पाळीने. दर तीन दिवसांनी एकीची पाळी. सैनिकांसाठी मक्याच्या भाकरी करायच्या आणि त्यांचे कपडे धुवायचे. मका घरून आणायचा, साबणही घरूनच आणायचा. आणि प्रत्येक पाळीला त्यांच्यावर बलात्कार व्हायचा. कित्येक महिने हे रोजच्या कामासारखं चाललं. पाळ्या थांबल्यावरही सैन्याची दहशत संपली नाही, ठाणं हललं ते १९८८ साली. काही जणी डोंगरात पळून गेल्या. तिथे खायला काही नव्हतं, त्यांची लेकरं डोळ्यांसमोर भुकेने मेली.

आता आजीचं सांगते. माझी आजी तिच्या आईची गोष्ट सांगायची. येसकरपाळी पुरुषाच्या नावाची, पण राबायचं अख्ख्या घराने. सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला जाणं, पाटलाच्या दारचं झाडणं, सरकारी माणूस गावात आला की त्याच्या घोड्याला गवत आणि चुलीला लाकूड. मजुरी नाही. वतन आहे ना तुमचं, मग मजुरी कसली? आजी हे सगळं सांगायची आणि एका ठिकाणी थांबायची. "बाईमाणसाला एकटीला वाड्यावर धाडत नव्हते," एवढंच म्हणायची. का धाडत नव्हते, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही. मोठी झाल्यावर विचारायची गरज उरली नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणलं, त्यामागे हीच समज होती. वेठ ही फक्त कमी पैशांची गोष्ट नसते. ज्याच्या श्रमावर दुसऱ्याचा जन्मजात हक्क मानला जातो, त्याच्या शरीरावरही तो हक्क मानला जातो. मी दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणत नाही. माया म्हणजे दलित नव्हे. तिथली उतरंड वसाहतीतून आणि वंशवादातून आली, आपली जातीतून. तिथे हातात बंदूक होती, इथे धर्मग्रंथ आणि रूढी होती. पण फुकट राबवणं आणि शरीर वापरणं यांना जोडणारा धागा वेठ भोगलेल्या घरातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

सेपूर सार्कोच्या न्यायालयाने नेमका हाच धागा पकडला. अशा प्रकरणांत सहसा एकट्या बलात्काराचं बोललं जातं. स्वयंपाक, धुणीभांडी यांना कोण विचारतं? या निकालात लैंगिक गुलामीच्या बरोबरीने घरकामाची गुलामी हाही मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला. चुलीपुढचं काम आणि कपड्यांचा ढीग गुन्ह्याच्या वर्णनात आला. दलित-आदिवासी स्त्रीच्या जगण्याकडे पाहायची ही नजर आपल्याकडच्या किती निकालपत्रांत सापडते?

पण निकालापर्यंत पोचायला ३४ वर्षं लागली. ती कशी गेली हेही ऐका. आपल्या चळवळीसाठी सगळ्यात अवघड धडा तिथे आहे.

या बायांना फक्त सैन्याची भीती नव्हती. त्यांच्याच वस्तीतले लोक त्यांना सैनिकांच्या बाया म्हणून हिणवायचे. नवरे बेपत्ता, घर मोडलेलं आणि वर आपल्याच माणसांचे टोमणे. अत्याचार दुसऱ्यांनी केला, पण लाज वागवायचं काम वस्तीने यांच्याच पदरात घातलं. आपल्याकडे असं होत नाही, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? वस्तीची इज्जत, समाजाचं नाव, 'आता कशाला उकरायचं', 'चळवळीला धक्का बसेल' ही वाक्यं आपल्याच घरांत, आपल्याच संघटनांत ऐकू येतात. दलित स्त्रीला दोन्हीकडून गप्प बसवलं जातं, हे दलित स्त्रीवाद कधीपासून सांगतो आहे.

हे मौन एका दिवसात फुटलं नाही. आधी बाया एकमेकींशी बोलू लागल्या. स्त्री संघटना, वकील आणि मानसोपचाराचं काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षं सोबत राहिले. २०१० साली ग्वाटेमाला सिटीत एक लोकन्यायालय भरलं. त्याला शिक्षेचा अधिकार नव्हता, पण तिथे बाया पहिल्यांदा लोकांसमोर बोलल्या. २०११ साली रीतसर तक्रार दाखल झाली. २०१२ साली तिनाहास नावाच्या मळ्यावर उत्खनन झालं आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांना ५१ जणांचे सांगाडे मिळाले. सैन्याने उचललेली माणसं कुठे गेली याचं उत्तर मातीने दिलं. त्याच वर्षी न्यायालयाने बायांच्या साक्षी आगाऊ नोंदवून घेतल्या. वय झालेलं होतं, निकाल बघायला किती जणी राहतील याचा भरवसा नव्हता. तक्रार करणाऱ्या १५ होत्या, शेवटी ११ राहिल्या. सुनावणीत त्या साक्षींची चित्रफीत दाखवली, म्हणजे तेच भोगलेलं आरोपींसमोर पुन्हा सांगायला नको.

सुनावणी १ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झाली. न्यायासनावर अध्यक्ष होत्या यास्मिन बारिओस. बाया रोज यायच्या, रंगीत शेल्यांनी चेहरे झाकून ओळीने बसायच्या. सगळं केक्ची भाषेत दुभाष्यामार्फत चालायचं. केक्ची भाषेत बलात्कारासाठी बायांनी जो शब्द वापरला तो 'मुशुक'. पवित्र ते विटाळणं, मोडून टाकणं, असा त्याचा अर्थ. त्यात एकटीचं शरीर येत नाही. घर, शेत, देवाधर्माशी असलेलं नातं सगळं येतं. हे न्यायालयाला समजावून द्यायला माया समाजातल्याच मानववंशशास्त्रज्ञ इर्मा आलिसिया वेलास्केस निमातुह तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. ज्या समाजावर अन्याय झाला, त्या समाजातली शिकलेली बाई न्यायालयात 'तज्ज्ञ' म्हणून बोलते आहे! आपण पीएचडी कशासाठी करतो, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. त्या दिवसांपुरतं तरी त्याचं उत्तर मला इथे मिळालं.

आता आरोपींकडे येऊ. दोघे होते. एक एस्तेलमेर रेयेस हिरोन. गुन्ह्याच्या वेळी तो कनिष्ठ दर्जाचा तरुण अधिकारी होता, पण त्या ठाण्याचा प्रमुख होता. दुसरा एरिबेर्तो वाल्देस आसिग. तो लष्कराचा स्थानिक हस्तक होता, कोणाला उचलायचं ते दाखवणारा. दोघांनी आरोप नाकारले. वाल्देस आसिगला ७ पुरुषांना बेपत्ता केल्याबद्दल २१० आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी ३०, अशी २४० वर्षं. रेयेस हिरोनला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी ३० आणि एक बाई व तिच्या दोन लहान मुलींच्या खुनासाठी ९०, अशी १२० वर्षं. २०१७ साली अपिलातही निकाल टिकला.

रेयेस हिरोनची जबाबदारी कशी ठरली, हा या खटल्याचा गाभा आहे. कोणत्या रात्री कोणत्या सैनिकाने काय केलं याची यादी न्यायालयाने मागितली नाही. ठाणं कोणाच्या ताब्यात होतं, हे त्याने पाहिलं. पाळ्या लावून बायांना बोलावलं जातं, महिनोन्महिने हे चालतं, म्हणजे ते प्रमुखाला माहीत असल्याशिवाय आणि त्याने चालू दिल्याशिवाय होत नाही. काही सैनिक वाहवत गेले, हा बचाव तिथे संपला. पाळी लावलेली असते तेव्हा कोणी वाहवत गेलेलं नसतं. पाळी म्हणजे व्यवस्था, आणि व्यवस्थेला प्रमुख असतो.

आता आपल्याकडे पाहू. २६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीत, देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा प्रकरण म्हणून आपण ते ओळखतो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती असावी. रात्रीच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीच्या 'संमती'चा अर्थ काय, हा प्रश्न चार कायदेतज्ज्ञांनी खुल्या पत्रातून विचारला, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराबद्दल आज जे कायदे आहेत, त्यांच्या मुळाशी आपल्या मातीतली एक आदिवासी मुलगी आहे. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही.

पुढचं उदाहरण आंध्रातलं. ऑगस्ट २००७ मध्ये विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या वाकपल्ली गावात नक्षलविरोधी मोहिमेवर आलेल्या ग्रेहाउंड्स दलाच्या पोलिसांनी सामूहिक बलात्कार केला, अशी तक्रार ११ कोंढ आदिवासी स्त्रियांनी केली. जवळपास १६ वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं. तपासातल्या ढिसाळपणावर न्यायालयाने बोट ठेवलं आणि त्या स्त्रियांना भरपाई द्यायलाही सांगितलं. म्हणजे भरपाई आहे, गुन्हेगार नाही. आणि त्या मोहिमेवर त्यांना पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचं काय? आपल्याकडे हा प्रश्न खटल्यात येतच नाही.

येऊ शकला असता. जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने अहवाल दिला. दिल्लीच्या घटनेनंतरची समिती म्हणून आपण तिला ओळखतो, पण त्यातलं एक पान विसरतो. हाताखालच्या माणसांनी लैंगिक अत्याचार केले आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्यात वरिष्ठ अधिकारी कमी पडला, तर त्या अधिकाऱ्याला ७ ते १० वर्षांची सक्तमजुरी व्हावी, असं स्वतंत्र कलम समितीने सुचवलं होतं. सशस्त्र दलांच्या माणसांवर लैंगिक गुन्ह्यासाठी खटला भरायला केंद्राची परवानगी लागू नये, असंही सुचवलं होतं. त्या वर्षी कायदा कडक झाला, फाशीपर्यंत गेला. पण वरिष्ठाच्या जबाबदारीचं कलम आलं नाही आणि अफस्पाखालच्या परवानगीची अटही तशीच राहिली. हाताला फाशी द्यायला आपण तयार झालो, हुकुमाला हात लावायला तयार झालो नाही.

म्हणून मी म्हणते, कडक शिक्षेच्या मागणीवर आपली चळवळ थांबू नये. मारणारा शिपाई पुष्कळदा आपल्याच जातींतला, गरिबाघरचा असतो. बस्तरमध्ये सलवा जुडूमच्या नावाने आदिवासींच्याच पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. त्यांना विशेष पोलीस म्हणून लढवणं घटनाबाह्य आहे, असं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ग्वाटेमालातही गावोगावच्या माया पुरुषांना सक्तीने गस्ती पथकांत भरती केलं होतं. खालच्याला खालच्याशी लढवायचं आणि वरच्याने हात झटकायचे. उतरंडीचा हा खेळ जात भोगलेल्या माणसाला नवा नाही. त्यामुळे हुकूम कोणाचा होता, हा प्रश्न आपणच सगळ्यात आधी विचारायला हवा.

आता या निकालाच्या मर्यादा सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही परदेशाचं कौतुकच सांगत बसली. रेयेस हिरोन हा एका ठाण्याचा प्रमुख होता. १९८२ च्या मार्चमध्ये बंड करून सत्तेवर आलेले जनरल रिओस माँट त्या वेळी देशाचे प्रमुख होते. १० मे २०१३ ला याच यास्मिन बारिओस यांच्या न्यायालयाने त्यांना इशिल माया समाजाच्या वंशसंहाराबद्दल ८० वर्षांची शिक्षा दिली होती. दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने ती रद्दबातल केली. २०१८ साली ते वारले, पुन्हा सुरू झालेला खटला अर्धवट राहिला. हिशेब एका पायरीपर्यंत चढतो आणि मग जिन्याचं दार बंद होतं.

दुसरी मर्यादा जमिनीची. २ मार्च २०१६ ला न्यायालयाने भरपाईचे १८ उपाय सांगितले. पैशांबरोबर आरोग्य केंद्र, शिक्षण, शाळेच्या पुस्तकांत या इतिहासाचा समावेश, सैनिकांना स्त्रियांच्या हक्कांचं प्रशिक्षण. आणि ज्या जमिनीसाठी नवरे गेले तिच्या मालकीचा प्रश्न सोडवा, हेही. फिरता दवाखाना आला, पण जमिनीचं घोंगडं निकालानंतर वर्षानुवर्षं भिजत पडलं. तुरुंगाचं दार एकदाचं उघडतं, पण मळ्याचं कुंपण हलत नाही. आपल्याकडेही अॅट्रॉसिटीच्या कित्येक प्रकरणांच्या मुळाशी गायरान असतं, विहीर असते, बांध असतो. खटला मारहाणीचा चालतो आणि गायरान तिथेच राहतं.

तरीही हा निकाल मला मोठा वाटतो. ग्वाटेमालात आता या बायांना आदराने 'आबुएला' म्हणतात, म्हणजे आजी. ज्यांना वस्तीने सैनिकांच्या बाया म्हटलं, त्यांना देश आजी म्हणू लागला. लाज होती ती बायांच्या पदरातून उचलून ठाण्याच्या प्रमुखाच्या दारात नेऊन ठेवली, हे त्या खटल्याचं काम. निकाल ऐकून घरी गेल्या तेव्हा त्यांनी चेहऱ्यावर शेले ओढले होते की नव्हते, हा त्यांचा त्यांनी ठरवायचा प्रश्न होता. ते ठरवायचा अधिकार त्यांना परत मिळाला.

इथे बसलेल्या सगळ्यांना एकच विनंती करून थांबते. घरी गेल्यावर आजीला, आईला, मावशीला विचारा, वाड्यावर कोणाची पाळी असायची आणि बोलवायचं कोण. नाव सांगितलं तर लिहून ठेवा. ती गप्प बसली तर घाई करू नका, शेजारी बसा. सेपूर सार्कोच्या खटल्याची सुरुवातही अशीच झाली होती.

जय भीम, जय सावित्री.